फिनिक्समधल्या कोंबड्या : सावली, पाणी आणि रात्र

२०२४च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एक छोटासा कायदा झाला. अर्ध्या एकराच्या किंवा त्याहून लहान जागेवर स्वतंत्र घर असलेल्या माणसाला परसात सहापर्यंत कोंबड्या पाळायच्या असतील, तर यापुढे कोणत्याही नगरपालिकेला त्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. नर मात्र यातून वगळला. पहाटेची बांग बंद करण्याचा अधिकार शहरांकडेच राहिला. खुराडे शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती दूर असावे, स्वच्छता कशी ठेवावी, असले तपशीलही त्यात आले. उन्हाबद्दल त्यात काही नाही, आणि असायचे कारणही नाही. पण ज्या राज्याने हा कायदा केला त्याची राजधानी फिनिक्स. तिथे आदल्याच वर्षी, ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस, पारा ४३.३ अंश सेल्सिअसला पोहोचला किंवा ओलांडून गेला होता. त्याआधीचा विक्रम सलग १८ दिवसांचा, १९७४ सालचा. १९ जुलैच्या पहाटे सर्वांत कमी तापमान किती उतरले, तर ३६.१ अंशांपर्यंत. म्हणजे त्या दिवशी तिथली गारव्याची वेळसुद्धा आपल्या कोकणातल्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा गरम होती.

अशा गावात कोंबडी जगते कशी, हा प्रश्न मला पडला त्याला माझे गाव कारणीभूत आहे. मी अकोल्याचा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंश ही बातमी नसते. मुलगी फिनिक्सच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहते आणि तिच्या सुट्ट्यांच्या हिशेबाने माझे जाणे नेमके जूनमध्ये होते. लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात, मी अकोल्याहून फिनिक्सला जातो. तिथे तिच्या शेजारणीच्या परसात मी पहिल्यांदा वाळवंटातल्या कोंबड्या पाहिल्या आणि मग ग्रंथालयात बसून त्यांचा मागचा इतिहास काढत गेलो. तो इतिहास कोंबडीपेक्षा माणसाबद्दलच जास्त निघाला.

कोंबडी मुळात वाळवंटाची नाहीच. ती रानातली आहे, आणि रानही कसले, तर बांबूचे, दमट, दाट सावलीचे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने तिचे मूळ तांबड्या रानकोंबड्याच्या एका पोटजातीपर्यंत नेले. ही पोटजात नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमार या पट्ट्यातली. २०२२ साली पुरातत्त्वज्ञांच्या एका गटाने जगभरच्या उत्खननांतली हाडे पुन्हा तपासली. त्यांना निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली वाटली, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली. त्यांचे म्हणणे असे, की भात आणि बाजरीसारखी धान्ये पिकू लागली तेव्हा रानातला पक्षी खळ्यावर आला आणि तिथेच राहिला.

आपला सह्याद्रीही या कथेत आहे. तांबडा रानकोंबडा हा एकमेव पूर्वज नव्हे, हे २००८मध्ये कळले. पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते तांबड्याकडून आलेले नाही. ते आले करड्या रानकोंबड्याकडून, म्हणजे महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे ओरडणाऱ्या आपल्याच पक्ष्याकडून. फिनिक्समधल्या शेजारणीच्या सहापैकी चार कोंबड्यांचे पाय पिवळे होते. तिला हे मी सांगितले तेव्हा ती पायांकडे बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे तुम्ही यांचे नातेवाईकच की.

रानातला हा पक्षी वाळवंटात कधी पोहोचला? हॉवर्ड कार्टर हे नाव तुतनखामेनच्या थडग्याशी जोडले गेले आहे. पण ते थडगे सापडण्याच्या आधी, १९२०-२१च्या हंगामात, राजांच्या खोऱ्यात त्याला चुनखडीची एक कपची मिळाली. तिच्यावर कोण्या कारागिराने काळ्या रेघांत एक कोंबडा काढला होता. ताठ मान, तुरा, शेपटीचा झुपका, सगळे बिनचूक. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिचा काळ साधारणपणे इसवी सनपूर्व तेराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचा धरतात. इजिप्तमध्ये कोंबडी घरोघर पोहोचली ती त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, टॉलेमी राजांच्या काळात. मधल्या काळात ती नवलाईचीच वस्तू असावी. चित्र काढणाऱ्याने पक्षी जवळून पाहिला होता एवढे मात्र नक्की.

इजिप्तच्या लोकांनी पुढे कोंबडीच्या बाबतीत जगाला दिले ते मात्र गारव्याचे नव्हे, उष्णतेचे शास्त्र. अंडी उबवण्याच्या मातीच्या भट्ट्या. अंडी शेणाच्या ढिगात पुरून पिल्ले काढतात, ही इजिप्तची रीत ॲरिस्टॉटलने लिहून ठेवली आहे. पुढे त्याच कल्पनेतून कच्च्या विटांच्या दुमजली उबवणी-खोल्या झाल्या. १७४९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने त्यांच्यावर सबंध ग्रंथ लिहिला. तिथले कामगार तापमापक वापरत नसत. अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब बरोबर आहे की नाही ते सांगत. पापणीची कातडी पातळ, तिला अर्ध्या-एक अंशाचा फरक कळतो.

अंडे उबायला साडेसदतीस अंश लागतात. फिनिक्सच्या जुलैमधली दुपार याच्याही वर जाते आणि रात्र जेमतेम त्याच्या खाली राहते. म्हणजे ज्या उष्णतेसाठी इजिप्तचा भट्टीवाला रात्रभर जागा राहत होता, ती इथे खुराड्यात आपसूक भरलेली असते. म्हणून फिनिक्सचे कोंबडीवाले दिवसातून दोनतीनदा अंडी उचलतात. फलित अंडे दिवसभर घरट्यात राहिले तर आत गर्भ वाढू लागतो. नर नसेल तर तो प्रश्न नाही, पण अंडे लवकर खराब होतेच.

आता कोंबडीच्या शरीराकडे. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिचे शरीर नेहमीच साडेएक्केचाळीस अंशांच्या आसपास तापलेले असते. ते ४६च्या पुढे सरकले की ती मरते. म्हणजे तिच्या हाताशी मोकळे अंश फार तर चार-पाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायचे तिचे मार्ग तीन. लाल तुरा आणि चोचीखाली लोंबणारे लोळे यांत रक्त वाढवायचे, उघड्या पायांत रक्त वाढवायचे, आणि पंख अंगापासून दूर धरून खालची विरळ पिसांची कातडी उघडी टाकायची. पण हे तिन्ही मार्ग हवा शरीराहून थंड असेल तोवरच चालतात. हवा ४३ अंशांवर गेली की उष्णता उलट्या दिशेने वाहू लागते, तुऱ्यातून आत. मग एकच वाट उरते, धापणे. चोच उघडी, घशाची पिशवी थरथरते, श्वास मिनिटाला पंचवीस-तीसवरून दीडशे-दोनशेच्या पुढे. घशाच्या ओल्या अस्तरावरून पाणी उडते. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. कोंबडी म्हणजे चालताबोलता कूलर आहे, आणि हे मी उपमा म्हणून म्हणत नाही.

या कूलरची किंमतही आहे. इतक्या जोरात श्वास टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि अंड्याच्या टरफलाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात ती यामुळे. १९८०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हात ठेवलेल्या लेगहॉर्न कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी सोडावॉटर पाजून पाहिले, आणि टरफले सुधारली. उपाय खिशाला परवडणारा नसल्यामुळे कुणी पुढे नेला नाही. मला तो प्रयोग फार आवडतो. रसवंतीवर बसून सोडा पिणाऱ्या अकोलेकराला तो पटकन समजेल.

फिनिक्स हे शहर ज्या खोऱ्यात आहे तिथे होहोकाम नावाने ओळखले जाणारे लोक हजार वर्षे शेती करत होते. सॉल्ट आणि गिला नद्यांतून त्यांनी खणलेले कालवे शेकडो मैल लांबीचे होते. त्यांच्याकडे कोंबडी नव्हती. त्यांच्या वस्त्यांत मकाव पोपटांची हाडे सापडतात, दक्षिणेतल्या दमट रानातून आणलेल्या पक्ष्यांची. म्हणजे रानातला पक्षी वाळवंटात सांभाळायचा उद्योग इथे कोंबडीच्या आधीपासून चाललेला होता. १४५०च्या सुमारास त्या वस्त्या ओस पडल्या. कोंबडी या मुलखात आली ती स्पॅनिश लोकांबरोबर, गहू आणि गुरे आली तशीच.

होहोकामांचे वंशज समजले जाणारे ओऽधाम लोक आणि हे नवे शेतकरी यांचे उन्हावरचे उत्तर एकच होते आणि त्याला स्पॅनिशमध्ये रमाडा म्हणतात. चार मेढी, वर आडवी लाकडे, त्यांवर झुडपांच्या फांद्या, बाजू उघड्या. आपला मांडवच. ओऽधाम घरात माणसे दिवसाचा बहुतेक वेळ या मांडवाखाली घालवत, स्वयंपाक तिथे, झोप तिथे, पाण्याचे मडके तिथे. कोंबड्याही अर्थात तिथेच. भिंती नाहीत म्हणून वारा अडत नाही आणि छप्पर फांद्यांचे म्हणून ते तापून खाली आग ओकत नाही.

१८६०च्या दशकाअखेर गोऱ्या वसाहतवाल्यांनी होहोकामांचे बुजलेले कालवे उकरून पुन्हा पाणी सोडले. डॅरेल डप्पा नावाच्या शिकलेल्या, जरा विक्षिप्त इंग्रजाने गावाला नाव सुचवले फिनिक्स. जुन्या संस्कृतीच्या राखेतून उठणारे नवे गाव, अशी त्याची कल्पना. स्वतःच्या आगीत जळणाऱ्या पक्ष्याचे नाव या गावाला देताना त्याने तिथला जुलै पाहिला होता की नाही कोण जाणे.

नव्या वसाहतवाल्यांनी कोंबड्या मात्र चुकीच्या आणल्या. ही गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८४०च्या दशकात चीनची बंदरे उघडली आणि शांघायकडून प्रचंड आकाराच्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत पोहोचल्या. व्हिक्टोरिया राणीने त्या पाळल्या आणि दोन्ही देशांत कोंबड्यांचे वेड पसरले. १८४९ साली बोस्टनला पहिले कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या हुशार व्यापाऱ्याने १८५२मध्ये राणीला नऊ कोंबड्या भेट पाठवून स्वतःचा भाव वाढवला आणि १८५५ला या सगळ्या वेडाची खिल्ली उडवणारे पुस्तक लिहून त्यावरही पैसे मिळवले. या गर्दीतल्या एका जातीला ब्रह्मपुत्रेचे नाव मिळाले. पुढे ते आखडून नुसते ‘ब्रह्मा’ झाले. चितगावकडून आलेले काही पक्षी तिच्यात असावेत, पण मुख्य रक्त शांघायचेच. पिसांची दुलई पांघरलेली ही कोंबडी आणि तिच्या रक्तातून पुढे निघालेल्या जड जाती न्यू इंग्लंडच्या बर्फासाठी उत्तम होत्या. अमेरिकन परसातली ‘छान’ कोंबडी म्हणजे गुबगुबीत, फुगीर कोंबडी, ही समजूत तेव्हा रुजली आणि आजही चित्रांच्या पुस्तकांत तीच दिसते.

वाळवंटात शोभावी अशी कोंबडी होती ती भूमध्य समुद्राकडची, लिव्होर्नो बंदराच्या नावाची लेगहॉर्न. हलके अंग, घट्ट पिसे, एका बाजूला कललेला मोठा तुरा. न्यू इंग्लंडमध्ये हाच तुरा हिवाळ्यात गोठून काळा पडतो. फिनिक्समध्ये तोच तिला वाचवतो. इजिप्तच्या फय्यूमची फायूमी हीही त्यातलीच, सडपातळ आणि तापट डोक्याची. आणि तिसरी, बघणाऱ्याला दया यावी अशी, उघड्या मानेची कोंबडी. मानेवर पीस नाही, उरलेल्या अंगावरही कमी. तिच्या मानेचे कोडे २०११मध्ये एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सोडवले. एका उत्परिवर्तनामुळे एक प्रथिन जास्त तयार होते आणि मानेची कातडी त्याला फार संवेदनशील असल्यामुळे तिथे पिसे उगवतच नाहीत. इस्राएलमध्ये अविग्दोर काहानेर यांनी याच्या पुढे जाऊन २००२मध्ये पूर्ण बिनपिसांची कोंबडी जगाला दाखवली. फोटो पाहून लोक हादरले. तिला ऊन भाजते, डास चावतात. परसात सोडायची ती नव्हे.

कोंबडीच्या घराचेही तसेच झाले. लाकडी भिंती, उतरते छप्पर, छोटी खिडकी, चढायला फळी, असे जे गोंडस खुराडे आजही दुकानांत मिळते ते बर्फाच्या प्रदेशातले घर आहे. फिनिक्सच्या उन्हात ते ओव्हन होते. या वाळवंटात खुराडे म्हणजे घर नव्हे, कुलूप. कोयोटी, रानमांजर आणि घुबड यांच्यापासून राखायला चारी बाजूंनी जाळी हवी आणि वर छाया हवी, बस. मांडवाला जाळी लावली की झाले. चारशे वर्षे शेजारी उभे असलेले उत्तर सोडून दुकानातले खुराडे आणण्यामागे काय आहे, हे आपण पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या वऱ्हाडकरांनी इतरांना विचारायचे नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७-१८मध्ये, अमेरिकेच्या शेती खात्याने घरटी माणशी दोन कोंबड्या पाळा अशी जाहिरात केली होती. पाळणे हे देशकार्य झाले. त्या काळच्या फिनिक्समध्ये माणूस आणि कोंबडी एकाच हवेत राहत होती. माणसे रात्री अंगणात किंवा जाळी लावलेल्या ओसरीत झोपत, ओल्या चादरी लटकावत, कधी ओली चादर पांघरूनच पडत. आणि याच चादरीतून तिथला कूलर जन्मला. १९२०च्या आणि ३०च्या दशकांत घरोघरच्या खटपट्या लोकांनी लाकडी चौकट घेतली, दोन जाळ्यांमध्ये अस्पेनच्या लाकडाचा कीस भरला, वरून पाणी ठिबकवले आणि मागे पंखा बसवला. १९३९मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या थॉर्नबर्ग नावाच्या प्राध्यापकांनी असा कूलर घरी कसा बांधावा याची माहितीपुस्तिका काढली. फिनिक्स हे कूलर बनवण्याचे मोठे केंद्र झाले. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची आपली रीत याच्या कितीतरी आधीची, पण पंख्याची पेटी करून ती खिडकीत बसवणे हे या वाळवंटाचे काम. अकोल्याला घराघरांच्या खिडकीत जो पत्र्याचा डबा मार्च ते जून घरघरत असतो, तो या फिनिक्सकरांच्या पेटीचाच भाऊबंद. तिथल्या एका जुन्या घरात तो लाकडाचा कीस हातात घेतला आणि पहिल्या पाण्याचा तो ओळखीचा वास आला.

कूलर आणि कोंबडी एकाच नियमाने चालतात, म्हणून एकाच वेळी हरतात. जूनमध्ये फिनिक्सची हवा कोरडी असते. ४३ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचे तापमान सुमारे २१ अंशांपर्यंत उतरते. तेव्हा झाडाखालची जमीन भिजवली, गोणपाट ओले करून वाऱ्याच्या बाजूला टांगले, पसरट परळात दोन बोटे पाणी ठेवून कोंबड्यांना त्यात उभे राहू दिले, की त्या निभावतात. जुलैत दक्षिणेकडून मान्सून येतो. होय, त्यांचाही मान्सून, तोच शब्द. हवेत दमटपणा येतो, पाऊस पडेलच असे नाही. पारा दोन अंश खाली आला म्हणून माणूस सुस्कारा टाकतो आणि तेव्हाच कोंबड्या मरू लागतात. घशातले पाणी उडत नाही. विदर्भातल्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा, मृगाच्या आधीचे उकाड्याचे आठ दिवस त्यांना मेपेक्षा जड जातात.

शेजारणीच्या तीन कोंबड्या गेल्या त्या अशाच दिवसांत. साठी उलटलेली बाई, आजोळ सोनोराचे, घरात इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही. ती सगळे नीट करत होती. दाणे पहाटे चारला, कारण पचनाचीही उष्णता होते. दुपारी बाटल्यांत गोठवलेले पाणी, कलिंगडाच्या साली. पंखा मात्र कोरडा होता. हवा अंगापेक्षा गरम असताना कोरडा पंखा म्हणजे फुंकलेली भट्टी. पण कोंबड्या गेल्या त्या दुपारी नव्हेत. रात्री साडेनऊला ती बॅटरी घेऊन आली आणि आमचे दार वाजवले. दोन गुबगुबीत, पिवळसर ऑर्पिंग्टन दांडीवरून खाली पडल्या होत्या, तिसरी पंख पसरून जमिनीवर होती. तिला आम्ही कोमट पाण्याच्या बादलीत मानेपर्यंत धरले. गार पाणी घालायचे नसते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तिची धाप हातांना लागत होती. तासाभराने ती थांबली. शेजारीण म्हणाली, दिवस तर त्यांनी काढला होता.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. कोंबडी दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री फेडते. उधारीचा धंदा आहे तो. वाळवंटात हे शक्य होते, कारण कोरडी, निरभ्र हवा सूर्य मावळताच उष्णता आकाशाकडे सोडून देते. ज्या कोंबड्या १९२०ला फिनिक्समध्ये जगल्या त्या सावली आणि पाण्याइतक्याच रात्रीवर जगल्या.

ती रात्र शहराने संपवली. १९५० साली फिनिक्सची लोकसंख्या एक लाख सात हजार होती, २०२०च्या जनगणनेत सोळा लाख. महायुद्धानंतर कंप्रेसरचा एसी स्वस्त झाला, कूलर मागे पडला, ओसरीत झोपणे संपले. खिडक्या कायमच्या बंद झाल्या. काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत राहतात आणि त्यात एसीची भर. एसी उष्णता नाहीशी करत नाही, घरातली बाहेर नेऊन टाकतो. २०१४मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी गणित मांडले, की एसीने बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे फिनिक्सच्या काही भागांतले रात्रीचे तापमान एका अंशाहून अधिक वाढते. २०२३च्या जुलैत सलग १६ रात्री पारा ३२.२ अंशांच्या खाली आला नाही. अशा रात्री कोंबडीची उधारी फिटत नाही. ती दुसऱ्या दिवसावर जाते.

माणसे १९५०नंतर त्या हवेतून उठून आत गेली. कोंबडी बाहेरच राहिली, जुन्या फिनिक्समध्ये. जुने फिनिक्स मात्र रात्रीचे उरले नाही. बाहेर राहिलेली माणसेही आहेतच. २०२३ साली मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे बेघर लोक होते. घरात मेलेल्यांपैकी अनेकांचा एसी बंद पडलेला होता. कोंबडीच्या लेखात हा आकडा घालावा की नाही याचा मी विचार केला. पण काउंटीचा तो अहवाल आणि कोंबड्यांच्या उष्माघातावरची पुस्तके मी एकाच टेबलावर ठेवून वाचली, आणि दोन्हींतले शब्द तेच होते : सावली नाही, पाणी नाही, रात्री तापमान उतरले नाही.

शहराच्या काही जुन्या भागांत अजून एक गोष्ट शिल्लक आहे. १९११मध्ये रूझवेल्ट धरण झाले, त्या योजनेच्या हक्काखाली आलेल्या जुन्या वस्त्यांत अजूनही ठरावीक दिवशी कालव्याचे पाणी परसात सोडतात. घराभोवती वरंबे, आत घोटाभर पाणी, संत्री-लिंबांची झाडे. रात्री दोनला पाळी आली तर रात्री दोनला उठून दार उघडायचे. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे सांगायला नको. तिथे खडीच्या अंगणापेक्षा हवा स्पष्टपणे गार लागते, आणि तिथल्या कोंबड्या ओल्या गवतात संत्र्याच्या झाडाखाली उकरत असतात. पण कोलोरॅडो नदीचे पाणी आटत चालले आहे आणि नव्या वस्त्यांत गवत काढून खडी टाकायला उत्तेजन मिळते. खडीने पाणी वाचते. सावली आणि ओल दोन्ही जातात. यातला हिशेब सोपा नाही, आणि ज्यांना तो सोपा वाटतो त्यांनी बहुधा यांतली एकच बाजू मोजलेली असते.

शेजारणीचे परस खडीचेच. तिचे खुराडे घराच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून होते आणि तीन हातांवर एसीचे बाहेरचे यंत्र. त्या रात्रीनंतर जावयाने आणि मी ते उचलून परसाच्या टोकाला मेस्किटच्या झाडाखाली नेले. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण. लाकडी भिंती काढून तिथे नुसती जाळी ठोकली, वर पाल्याच्या फांद्या टाकल्या. उरलेल्या तीन पिवळ्या पायांच्या कोंबड्या पहिले दोन दिवस तिकडे जायला तयार नव्हत्या. मुलीने दोन स्वस्त तापमापक आणले. एक जुन्या जागी टांगला, एक झाडाखाली. पहाटे चारला शेजारीण दाणे टाकायला निघाली की मी आकडे लिहून घ्यायचो. पहिल्या दिवशी भिंतीपाशी ३७, झाडाखाली ३३. भिंतीपाशी यंत्र चालूच होते, झाडाखाली कोंबड्यांच्या चोची मिटलेल्या होत्या.